नायगावला जायचंय

"मॅडम, आईला कॅन्सरचं नाव काढू नका. अल्सर हाय म्हणून सांगितलंय आम्ही," बालाजी सर मला दाराबाहेरच म्हणाले. ते भोकरला शिक्षक, घरही तिथेच. आई कौसल्याबाई आत, कॉटवर.

मी नांदेडला पॅलिएटिव्ह केअर बघते. म्हणजे आजार बरा होत नसला, तरी दुखणं, उलट्या, धाप कमी करणं. कौसल्याबाईंचा पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. सरांना आईला केमोसाठी हैदराबादला न्यायचं होतं.

"मी आपण होऊन सांगणार नाही," मी म्हणाले, "पण त्यांनी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

आत जाऊन मी विचारलं, "मावशी, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?"

"समदं. हे लोक लई गोड बोलून राहिलेत. इतकं गोड माझ्याशी कधी बोलत न्हाईत."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हैदराबादला जाऊन बरी व्हईन का?"

"नाही. गाठ थोडी आकसेल कदाचित. त्रास होईल."

"मग न्हाई जायचं. नळ्या बी नको. मला नायगावला सोडा, गोदाकडं."

गोदाबाई ही त्यांची धाकटी बहीण, विधवा, एकटी राहणारी. सरांचा चेहरा उतरला. "पोरगा जित्ता असताना माय बहिणीच्या घरी? लोक काय म्हणतील?"

"तू शाळंत, सून शाळंत. दिसभर मी पत्र्याकडं बघत पडू? गोदा बोलंल. भांडंल बी."

खरं सांगायचं तर मलाही भोकरच सोयीचं होतं. आमची नर्स तिथे घरी जायची, नायगावला कुणीच नव्हतं. पण शुद्धीवर असलेल्या पेशंटला उपचार नाकारायचा हक्क आहे. कुठे राहायचं, हे ठरवणंही त्याचंच. मी गोदाबाईंना बोलावून दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या कधी, किती द्यायच्या ते शिकवलं. "गोळी चुकली तर ताई मला शिव्या दील," त्या म्हणाल्या. कौसल्याबाई नायगावला गेल्या. एकही गोळी चुकली नाही.

काही आठवड्यांनी दुपारी सरांचा फोन आला. ते नायगावलाच होते. "मॅडम, आईला धाप लागलीय. आयसीयूत नेऊ का?"

"आई काय म्हणाल्या होत्या?"

"नळ्या नको."

मॉर्फिननं धापही उतरते; मी ते थोडं वाढवायला सांगितलं, उशी उंच करायला सांगितलं. धाप उतरली. संध्याकाळी त्या गेल्या. डोकं सरांच्या मांडीवर होतं, पाय गोदाबाईंच्या हातात.

नंतर सर भेटले तेव्हा म्हणाले, "लोक बोललेच मॅडम. अजून बोलून राहिलेत."

मी त्यांची समजूत घातली नाही. पेशंटला विचारायचं, तर आपल्या गैरसोयीचं उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारावं. नाहीतर ते विचारणं नव्हे, संमतीच्या कागदावर सही घेणं.