ओल्यात ओलं

त्यांना सगळे 'थांबाकाका' म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची दारं, खिडक्या आणि कठडे रंगवले होते. आधी लाकडाच्या फटींत लांबी भरून त्या बुजवायच्या, पॉलिश पेपर मारायचा, मग रंगाचा पहिला हात, आणि तो खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. घरमालक घाई करायला लागला, की काका ब्रश खाली ठेवत आणि एकच शब्द बोलत, "थांबा."

त्या आठवड्यात ते एका जुन्या इमारतीच्या वरच्या खोलीत खिडकीची चौकट रंगवत होते. खोली भाड्याने घेतलेल्या बाई चित्रकार होत्या. काका चौकटीची डावी बाजू रंगवत होते आणि उजवीकडे उभ्या राहून बाई बाहेरची टेकडी कॅनव्हासवर काढत होत्या. टेकडीवर धुकं होतं आणि ते भराभर विरत होतं. बाईंनी करडं आभाळ लावलं आणि लगेच त्या ओल्या आभाळातच निळसर टेकडी खुपसली.

काका ओरडले, "अहो बाई, ओलं आहे ते!"

"म्हणूनच लावतेय," बाई मान न वळवता म्हणाल्या.

"सगळं एकात एक होईल!"

"व्हायलाच हवं. धुक्यात टेकडी वेगळी कुठे दिसतेय तुम्हाला?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग कॅनव्हास पाहिला. मग पुन्हा बाहेर. टेकडीचा माथा कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं, ते खरंच कळत नव्हतं. हातातला ब्रश फरशीवर ठिबकत होता, तेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकटीचं काम एका तासाचं उरलं होतं, ते काकांनी दिवसभर पुरवलं. खालचा रंग पातळ असतो आणि वरचा दाट, प्रत्येक फटकाऱ्यानंतर बाई ब्रश चिंधीला पुसतात, हे त्यांनी बरोबर हेरलं. शेवटी बाईंनीच त्यांच्या हातात ब्रश दिला. "या कोपऱ्यात एक ढग टाका."

काकांनी टाकला. मग तो जरा नीट केला. मग आणखी नीट केला. पाचव्या वेळी तिथे चिखल झाला.

"घासू नका," बाई म्हणाल्या. "टेकवा आणि उचला. वहिनींना एक गोष्ट दहादा सांगता का तुम्ही?"

"सांगतो ना."

"ऐकतात?"

"छे!"

बाईंनी हसत चिखल खरवडला आणि एका फटकाऱ्यात ढग ठेवून दिला. काका म्हणाले, "ह्याला म्हणतात हात!" घरी जाऊन त्यांनी एका फळकुटावर अंगणातलं झाड काढलं. बायको म्हणाली, "कोबी झकास आलाय." फळकूट कपाटामागे गेलं. आपला हात दारं रंगवणाऱ्याचा आहे, पण डोळा चित्र बघणाऱ्याचा आहे, हे काकांनी मुकाट्याने मान्य केलं.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. टेकडीच्या चित्रापुढे एक निवृत्त मास्तर उभे होते. "घाईचं काम. अर्धवट सोडलंय," मास्तर म्हणाले.

काकांना राहवेना. "अर्धवट? एका बैठकीत उरकलंय ते! एक फटकारा चुकला असता तर चिखल झाला असता. धुकं कुठे संपतं आणि टेकडी कुठे सुरू होते, दाखवा बघू बोट ठेवून!"

मास्तर आज्ञाधारक निघाले. त्यांनी बोट ठेवलं.

तेलरंग अजून ओलाच होता. टेकडीच्या माथ्यावर बोटभर खड्डा आणि मास्तरांच्या बोटावर बोटभर टेकडी. 'रंग ओला आहे, हात लावू नये' अशा पाट्या जन्मभर लिहिणारे काका पांढरेफटक पडले. तेवढ्यात बाई आल्या.

"माझी चूक," काका पुटपुटले. "मीच त्यांना बोट ठेवायला लावलं."

बाईंनी मान तिरकी करून खड्डा पाहिला, पर्समधून चिंधी काढली आणि काकांपुढे धरली. "मग तुम्हीच काढा."

काकांनी चिंधी बोटाला गुंडाळली. श्वास रोखला. डावीकडून उजवीकडे एकदाच बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. खड्डा गेला. तिथे धुक्याचा एक पट्टा आला, आधी नव्हता तो.

"मला कसा सुचला नाही हा!" बाई म्हणाल्या. मास्तर बोट पुसायचं विसरून बघत राहिले.

आता सुट्टीच्या दिवशी बाई कालव्यावर चित्र काढायला जातात तेव्हा काका बरोबर असतात. ब्रशला हात लावत नाहीत. नुसते मागे उभे राहतात. बाई विचारतात, "कसं झालंय?" आणि काका डोळे बारीक करून म्हणतात, "झाडं फक्कड. पण पाणी जरा जास्त घासलंत." बाई रागाने त्यांच्याकडे बघतात, मग पाण्याकडे बघतात आणि पाणी खरवडायला घेतात.