जलपूजनाचं पाणी

आमच्या नदीवरचा जुना बंधारा आता कुणाच्याच कामाचा नाही. शेतीला पाइपलाइन आली. म्हणून त्याच्या लोखंडी फळ्या, म्हणजे बरगे, कायमचे काढले आणि खांबांमध्ये गोटे रचून माशांना वर चढायला पायऱ्या केल्या. विणीला निघालेले मासे त्या चढू लागले. मी रोज बघायला जायचे.

काल त्या पायऱ्यांचं उद्घाटन होतं. जाऊन बघते तर बरगे पुन्हा बसवलेले आणि पाणी काठोकाठ.

"हे काय, सरपंच?"

"साहेब जलपूजन करणार ना, ताई. गुडघाभर पाण्यात नदीची ओटी कशी भरायची? फोटोत बरं दिसत नाही."

म्हणजे नदी मोकळी केल्याचा सोहळा करायचा, तर आधी नदी अडवायची. आई म्हणून ओटी भरायची आणि त्याच हातांनी तिचा गळा आवळायचा. आम्हाला वाहती नदी चालतच नाही. आम्हाला ती भरलेली, थांबलेली, फोटोपुरती लागते.

साहेब गेले, मांडव निघाला. बरगे काढायला कुणी थांबलं नाही. संध्याकाळी वरच्या बाजूने ओटीचा नारळ बरग्यांना येऊन टेकला होता. खालून मासे डोकी आपटत होते.