काळजीचा चार्ज देणाऱ्या सिस्टरबाई

जवळ सरक गं मनू, अशी लांब नको बसू. कागदावरून बोलतेय म्हणून काय झालं, समोर असतीस तर आधी कान धरला असता. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, देवाधर्माच्या माणसांचं बरं असतं, त्यांना काळजीच नसते. झोप उडते ती आमची." एका दमात बोललीस आणि मीटिंग आली म्हणून फोन ठेवलास. आजीशी असं बोलतात का? तेव्हापासून मी मनातल्या मनात तुला उत्तर देतेय, आणि दर वेळी सिस्टरबाईच समोर येऊन उभ्या राहतात. आपल्या वरच्या खोलीत राहायच्या त्या. तू त्यांना धड पाहिलंही नाहीस. येतेस कधी, जातेस कधी!

सिस्टरबाईंनी काळजीला वेळ नेमून दिली होती. खरं सांगते, शाळेच्या तासासारखी. दुपारचा चहा झाला की त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायच्या. मांडीवर ताट, ताटात निवडायला मेथी नाहीतर तांदूळ, आणि तोंडाने बोलणं सुरू. समोर कुणी नाही. मला वाटलं, कंपनीतल्या पोरांसारखं कानात काहीतरी घालून फोनवर बोलत असतील. मी वाकून कान बघितला, मोकळा होता.

"रूथच्या ऑफिसात माणसं कमी करतायत," त्या सांगत होत्या. "भावाचा गुडघा परत सुजलाय. उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, काल कपाला धक्का लागला. आणि मालकीणबाईंची शुगर वाढलीय, तरी गुपचूप पेढा खातात."

मी दारातूनच ओरडले, "सिस्टर, माजी चुगली कुणापाशी चाललीय?"

"प्रभूपाशी."

"अवो, मग पेढ्याचं कशाला सांगायचं?"

"सगळं सांगावं लागतं. चार्ज देतेय मी."

हे चार्ज प्रकरण काय, ते मी लगेच तिथेच बसून विचारून घेतलं. तुला माहीत आहे, दुसऱ्याचा देव कसा असतो, त्याच्याशी ती माणसं काय बोलतात, हे मला लहानपणापासून बघायचं असतं. शाळेत गेले नाही, अक्षरं तुझ्या बापाच्या पाटीवर शिकले, त्यामुळे विचारायची लाज मला नाही. सिस्टरबाईंनी सगळी उमर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली. नगरकडच्या, ख्रिस्ती, लग्न केलेलं नाही. भाची रूथ इथे कंपनीत लागली म्हणून तिच्यासोबत राहायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "मालकीणबाई, ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला सगळं सांगायचं. कुणाला ताप, कुणाचं सलाईन, कोण जेवलं नाही. काही लपवायचं नाही. आणि एकदा चार्ज दिला की वॉर्डात घुटमळायचं नाही, घरी जायचं. मी रोज संध्याकाळी तेच करते. दिवसभर पेशंट माझे. संध्याकाळनंतर त्याचे."

"आन् तुमी घरी गेल्यावर पेशंटचं काय झालं, मनात येत न्हाई?"

"येतं ना! म्हणून तर उद्या परत ड्यूटीवर यायचं."

बघ, काळजी नाही असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. तिला बसायला पायरी दिली होती, एवढंच.

काळजी करण्यासारखं त्यांच्याकडे होतं बाई. काचबिंदू होता. डोळ्यात दाब वाढतो, तो नजर कडेकडेने खात आत येतो. गेलेली परत मिळत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. थेंबांची बाटली आपल्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे असायची, कारण त्यांच्या खोलीत फ्रिज नव्हता. संध्याकाळी पायरीवरून उठल्या की त्या बाटली न्यायला आत यायच्या, "सलाम मालकीणबाई" म्हणायच्या. त्यांच्यात रामराम नसतो, सलाम असतो. मग मीही सलाम करायला लागले. तुझे आजोबा हसायचे, "हिला म्हातारपणी मिलिटरीत घेतलीय."

बारीक अक्षर दिसेना तेव्हा सकाळी वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावलं. रूथ लवकर जायची. मी वर गेले खरी, पण त्यांच्या शास्त्राला, म्हणजे बायबलला, हात लावेना. म्हटलं, "थांबा, मी पारोशी हाय. आंघूळ करून येते." दुसऱ्या दिवशी न्हाऊन, ओल्या केसांनी गेले, पाट घेऊन गेले, पाटावर धुतलेलं फडकं घातलं, त्यावर पुस्तक ठेवून नमस्कार केला. सिस्टरबाई खाटेवरून बघत होत्या. पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "मालकीणबाई, मी बेडपॅन उचलता उचलता प्रार्थना केलीय सगळा जन्म. त्याला वास येत असता तर माझी एकही पोचली नसती."

तरी मी आंघोळ करूनच जायची. त्यांनीही नंतर काही म्हटलं नाही. पाट तेवढा त्यांनी ठेवून घेतला, पाय ठेवायला. मी म्हटलं, राहू दे.

मग डोळ्यांची मोठी तपासणी झाली. रूथ सुट्टी काढून त्यांना पुण्याला घेऊन गेली. परत आल्यावर रूथने सांगितलं. उजवा डोळा संपला होता आणि डाव्यातही आत शिरलं होतं. त्या संध्याकाळी पायरी रिकामी. दुसऱ्या संध्याकाळीही. मी चहा घेऊन वर गेले. सिस्टरबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"सिस्टर, आज चार्ज न्हाई व्हय द्यायचा?"

"मी संपावर आहे."

"देवाला म्हाईत हाय का?"

"त्यालाच नोटीस दिलीय," त्या उठून बसल्या. "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले मी. माझेच डोळे दिसले याला?"

मला भीतीच वाटली. आपल्याकडे असं बोललं की कान पकडून नाक घासतात. मी हळूच विचारलं, "असं बोललं तर तुमचा देव रागावत न्हाई?"

"रागावू दे की. मी त्याच्या पाठीमागे थोडीच बोलतेय? तोंडावर बोलतेय." चहा मात्र सगळा प्यायल्या.

त्याच दिवसांत त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळातल्या एक बाई भेटायला आल्या. वाईट नव्हत्या हं, मऊ बोलायच्या, केळी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सिस्टरबाईंच्या डोळ्यांवर हात ठेवून मोठी प्रार्थना केली, आणि जाताना म्हणाल्या, "ताई, एक तर थेंबांवर विश्वास ठेवा, नाहीतर प्रभूवर. दोन्हीकडे पाय ठेवला की आशीर्वाद अडतो." मी केळ्याची साल काढत तिथेच होते. मला ते पटलं नाही, पण त्यांच्या देवाचं त्या जाणोत, म्हणून गप्प बसले.

त्या संध्याकाळी बाटली न्यायला सिस्टरबाई आल्या नाहीत. वाटलं, दमल्या असतील. नंतरही आल्या नाहीत. दही काढताना बाटली हाताला लागली, तशीच पडून. रूथला वाटत होतं, मावशी खाली जाऊन घालून येते. मी बाटली पदराखाली धरून वर गेले.

"सिस्टर, ही विसरली वाटतं."

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "बघतेय, तो काय करतो ते."

हा आवाज मी ओळखला नाही, मनू. पायरीवर त्यांचा असा आवाज कधी नसायचा. एखाद्या लेकराने रुसून जेवण नाकारावं आणि आईकडे चोरून बघावं, तसा होता. मी जवळ बसले. मला शास्त्रातलं काय कळतं? मला आपलं ते चार्जचंच कळत होतं. म्हटलं, "मला एक सांगा. वॉर्डात डाक्टरानं औषध लिवून दिलं, आन् सिस्टरनं दिलंच न्हाई. डाक्टर खरा किती हुशार हाय ते बघत बसली. मग?"

 सिस्टरबाई नाक ओढून म्हणाल्या, "मेमो मिळेल तिला."

"मग?"

"मग काय? आणा इकडे. नाही, तुम्हीच घाला."

त्यांनी मान मागे टाकली. मी कुणाच्या डोळ्यात थेंब घातला नव्हता. पहिला गालावर गेला. "अहो, डोळा वर आहे!" त्या ओरडल्या, आणि मग हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी म्हटलं, "रडू नगा, औषध व्हाऊन जाईल." तर आणखीच हसल्या.

मधल्या दिवसांत थेंब घातले नाहीत, त्याने किती नजर गेली, कुणास ठाऊक. डॉक्टर चिडले. सिस्टरबाईंनी त्यांना सगळं खरं सांगितलं, मंडळातल्या बाईंचं नाव न घेता. त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मात्र मी मुद्दाम तिथेच घुटमळले. सिस्टरबाई त्यांना म्हणाल्या, "हात ठेवा, प्रार्थना करा, मला हवीच आहे. पण थेंबही मी घालणार. ते बनवणाऱ्याला अक्कल कुणी दिली? मी त्याच्या एका हाताला नमस्कार करून दुसरा झिडकारू का?" बाईंनी ऐकून घेतलं. मग प्रार्थना केली, चांगली केली. मीही डोळे मिटले. न मिटून कसं चालेल, त्यांच्यात डोळे मिटायचे असतात. पण मध्येच उघडून बघितलं. सिस्टरबाईंचा चेहरा आपल्या पायरीवरच्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी त्या परत पायरीवर. मी ऐकलं, "प्रभू, मी रागावले होते. अजून थोडी आहे. ते पण लिहून घे."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, एवढी प्रार्थना करून डोळे बरे होत नाहीत, मग मिळतं काय? त्या म्हणाल्या, "नजर जातेय, ती जाईल. तिच्या मागोमाग मीही निघून जाऊ नये, एवढं मिळतं." मी त्यावर अजून विचार करतेय. सगळं उमगलंय असं नाही.

रूथची बदली दूर दक्षिणेत झाली आणि सिस्टरबाई नगरकडे भावाकडे गेल्या. सामान थोडंच, गाडीत मावलं. भातशेती जाऊन कंपन्या आलेल्या आपल्या माण गावात भाडेकरू येतात-जातात, त्यांचं रडू येत नाही. त्या दिवशी तुझे आजोबासुद्धा घराबाहेर आले आणि उगाच गाडीची हवा बघत राहिले. सिस्टरबाईंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे फिरवलं, नीट बघितलं. म्हणाल्या, "पेढे कमी करा."

आता फोनवर बोलतो. भावाच्या वाड्यावर मोठ्या आवाजात वाचणारी एक पुतणी आहे, आणि थेंब तीच घालते, गालावर नाही. काल त्यांनी फोन केला, तू ठेवलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. सरळ सांगितलं, डाव्या डोळ्यालाही आता समोरचं थोडंच दिसतं. भर उजेडात, जवळ आलेल्या माणसाचं तोंड कळतं. ते किती दिवस, डॉक्टरलाही माहीत नाही. मग म्हणाल्या, "मालकीणबाई, मला माणसांची तोंडं बघून ठेवायचीत. दिसतंय तोवर या. नातीलाही आणा, तिचा नुसता आवाजच माहीत आहे मला. पांढरं-पिवळं नेसू नका, गडद नेसा, म्हणजे तुम्ही कुठे संपता आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेल. आणि रडून येऊ नका. सुजलेलं तोंड मला लक्षात ठेवायचं नाही."

मी हिरवं लुगडं काढून ठेवलंय. तूही काहीतरी गडद घाल, आणि तुझी ती मीटिंग दुसऱ्या कुणाला तरी करू दे. गाडी घेऊन ये. लवकर ये, बाळा. सकाळी सकाळी निघू, म्हणजे ऊन असताना पोचू.