एस्तेरआत्याचा पाय

एस्तेरआत्या भेटायला आलेल्या माणसाला आधी पाय दाखवायची, मग चहा विचारायची. साखरेच्या आजाराने तिचा उजवा पाय अंगठ्यापासून काळा पडत चालला होता. पट्टी सोडली की खोलीत असा वास सुटायचा, की घरी गेल्यावर मी ओढणीसुद्धा धुवायला टाकायचे. मी कोपऱ्यात उभी राहून तोंडाने श्वास घ्यायचे. तिला ते कळायचं. "नाक धर की गं उघड. घाण हाय ती घाणच."

आत्या पप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, आणि नंतर कळंब्याला दोन खोल्यांत एकटी राहायची.

मला तिच्या पायापेक्षा जास्त किळस यायची ती मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या पाहुण्यांची. "सलाम, बाई" म्हणत आत यायचे आणि अत्तराचा रुमाल नाकाशी धरून सांगायचे, देव परीक्षा बघतोय. एकीने तर विचारलं, "एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का?"

"राहिलंय की," आत्या म्हणाली. "आत्ताच मनातल्या मनात तुमाला शिवी दिलीया."

डॉक्टरांनी सांगितलं, पाय लगेच कापायला हवा, नाहीतर विष वर चढेल आणि बाई हातची जाईल. पण प्रार्थना घेणारे एक दादा पप्पांना म्हणाले, कापणं म्हणजे अविश्वास. आमच्याकडे आजारी माणूस बरं झालं, की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. बरं झालेला साक्ष देतो, मग सगळे जेवतात. दादांनी ती आधीच ठेवली. आधी आभार माना, पाय आपोआप बरा होईल. पप्पा घाबरट; त्यांनी दवाखान्याला थांबायला सांगितलं.

प्रार्थनेच्या दिवशी कुणीतरी खोलीभर मोगऱ्याचा स्प्रे मारला. मोगरा आणि कुजका पाय यांचा मिळून जो वास झाला, तो अजून माझ्या घशात आहे. गाणी झाली. दादा म्हणाले, "बाई, साक्ष द्या. म्हणा, मी बरी झाले."

आत्याने पट्टी सोडली. "साक्ष म्हंजे खरं सांगायचं न्हवं? बघा मग."

पुढच्या बायकांनी तोंडं फिरवली. दादा उठून दारापाशी गेले.

"तुमाला हितं बसवंना, दादा," आत्या शांतपणे म्हणाली. "मी जलमभर लोकांचा पू पुसला, तवा ख्रिस्त माझ्याशेजारी हुता. त्येच्या सवताच्या हातात भोकं हायत. त्यो जखमेला भीत न्हाय. पाय कापताना बी त्यो माझ्यासंगं हाय. बाळू, रिक्षा बोलीव."

बाळू म्हणजे पप्पा. ते एकदम उठले. मागे भाताचं पातेलं कुणी उघडलंही नाही.

पाय गुडघ्याखालून कापला, आत्या वाचली. देवाने असं का केलं, असं मी एकदा विचारलं. "का ते मला ठाव न्हाय," ती म्हणाली. "त्यो उठून गेला न्हाय, एवढं ठाव हाय." दुःख गोड असतं, असं ती कधीच म्हणाली नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर ड्रेसिंगला मी बसले. टाके बघून मी पुन्हा तोंडाने श्वास घ्यायला लागले. आत्याने डोळे मिटले. मला वाटलं, स्वतःसाठी काही मागेल.

"बापा," ती म्हणाली, "ह्या पोरीला मळमळतंय, तरी बसलीया. जरा तिच्याकडं सरकून बस."

मळमळ थांबली नाही. मी कापूस भिजवला.