चित्रेचा निळा रंग

नाट्यगृहातले सगळे त्यांना उजेडकाका म्हणत. रंगमंचावरचे दिवे हे त्यांचं खातं, म्हणून हे नाव. शिवाय कधी दिवा चुकलाच, तर "काय उजेड पाडलात काका!" म्हणायची आयती सोय. पण ती सोय वापरायची वेळ फारशी आली नाही. प्रेक्षकांच्या मागे, वरच्या अंगाला एक अरुंद खोली. तिच्यात बटणांचं टेबल, एक खुर्ची आणि काचेची खिडकी. उमेदीची सगळी वर्षं काकांनी त्या खिडकीतून खाली बघत काढली. सकाळ करायची तर पिवळा, भांडण पेटवायचं तर लाल, थंडी दाखवायची तर निळा. त्यांच्या निळ्या उजेडात नट नुसता उभा राहिला तरी समोरचे लोक शाली सावरून बसायचे, असं जुने नट अजून सांगतात.

एकुलत्या एका लेकीला ते लाडानं ठमी म्हणत. ठमीनं लहानपणी त्या खोलीत बसून गृहपाठ केला, आणि शिकत शिकत ती वेधशाळेत जाऊन पोचली. तिच्या कामातलं काकांना ओ की ठो कळत नसे. पण "आमची ठमी चित्रा तारा मोजते" हे भेटेल त्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "मोजते म्हणजे नक्की काय करते?"

"ते तिला विचारा," काका म्हणाले. "तुम्ही गुडघा बघा."

त्या गुडघ्यानंच त्यांना निवृत्त केलं. खोलीकडे जाणारा लोखंडी जिना चढवेना, तेव्हा टेबल त्यांनी आपल्याच हाताखाली तयार झालेल्या एका बाईंकडे सोपवलं आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे घरातले सगळे बल्ब बदलत बसले.

अशात ठमी आली ती बातमी घेऊनच. चित्रेवर तिचं जाहीर व्याख्यान होतं, आणि तेही काकांच्याच नाट्यगृहात.

"दिवे तुम्ही करायचे, बाबा. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

काकांनी आढेवेढे घेतल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नाट्यगृह गाठलं. तालमीला त्यांनी दिव्यांपुढे ठेवणीतला निळा, पारदर्शक जिलेटिन कागद लावला. अख्खा रंगमंच गारठून गेला.

"बाबा, हे थंड वाटतंय," ठमी म्हणाली.

"वाटणारच! तारा निळा आहे असं तूच म्हणालीस ना? निळा म्हणजे थंड. आयुष्य गेलं माझं यात."

"रंगमंचावर थंड. आकाशात उलटं असतं. तापणारी वस्तू आधी लाल होते, मग पिवळी, मग पांढरी, आणि त्याच्याही पुढे गेली की निळसर. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे. चित्रेतला मोठा तारा त्याच्या चौपटीहून जास्त तापलेला आहे."

"मोठा तारा? म्हणजे धाकटाही आहे?"

"दोघं आहेत. इतके जवळजवळ, की चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. एकमेकांना ओढून ओढून दोघंही अंड्यासारखे लांबट झालेत. आपल्याला मात्र एकच ठिपका दिसतो. त्यातून तो बहुतेक उजेड डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांत फेकतो. आपल्याला दिसतो तो उरलासुरला."

काका खुर्चीत टेकले. "उरलासुरला दिवा इतका लखलखतो? आणि मी त्याच्यापुढे कागद लावतोय!"

त्या दिवसापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. स्वयंपाकघरात जुना स्पॉट, उजेड कमीजास्त करायचा डिमर आणि वायरींचं जाळं पसरलं. ठमीची आई वायरी ओलांडत भाजी चिरायला जायची आणि म्हणायची, "तारा तिचा, आणि वेड तुम्हाला!" पण बत्ती लागल्यावर तीही बघायला थांबायची.

व्याख्यानाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं. वरच्या खोलीत बाई, आणि विंगेत स्टुलावर काका, बल्ब आणि डिमर मांडीवर घेऊन. ठमी छान बोलत होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. "तिथं जाऊन थर्मामीटर कुणी लावला? रंगावरून ताप कळतो म्हणता, ते आम्हाला पटवा."

ठमी हसली. "ते माझे बाबा पटवतील." आणि तिनं विंगेकडे हात केला.

हे ठरलं नव्हतं. काकांनी विंगेतूनच दिवा दाखवायचा आणि ठमीनं बोलायचं, असं ठरलं होतं. जन्मभर दुसऱ्यांवर उजेड टाकलेला माणूस लंगडत पुढे आला. वरून बाईंनी त्यांच्यावर प्रकाशझोत सोडला, तसे त्यांनी डोळे बारीक केले. "बाई, जरा कमी करा," ते म्हणाले, आणि सभागृह हसलं. मग त्यांची भीड चेपली.

त्यांनी सगळे दिवे घालवायला लावले आणि हातातला डिमर हळूच वर सरकवला. काळोखात बल्बची तार आधी लाल झाली, मग नारिंगी, मग पिवळी, आणि शेवटी पांढरटपणाकडे झुकली.

"तार तीच आहे," काका म्हणाले. "मी रंग लावलेला नाही. नुसता ताप वाढवला. आता माझा डिमर संपला. ही तार सूर्याच्या निम्म्यापर्यंतच पोचते; आणखी तापवायला गेलो तर वितळून जाईल. इथून पुढचा सगळा रस्ता आमच्या ठमीच्या ताऱ्याचा."

त्यांनी बल्ब मालवला. त्याबरोबर वरून बाईंनी मागच्या काळ्या पडद्यावर सुईच्या टोकाएवढा निळसर पांढरा ठिपका उमटवला. पहिली टाळी त्या आजोबांनी वाजवली.

नंतर ठमीनं सगळ्यांना बाहेर अंगणात नेलं. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक धरून पुढे केशरी स्वातीपर्यंत जायचं, आणि तसंच खाली उतरत चित्रेपर्यंत. पूर्वेला ती छपरांच्या वर आली होती. ठमी म्हणाली, "हा उजेड तिथून अडीचशे वर्षांपूर्वी निघालाय." लोक माना वर करून बघत राहिले.

काका मात्र ताऱ्याकडे फारसं बघत नव्हते. माणसांच्या घोळक्यात उभी राहून, हात उंचावून सांगणाऱ्या ठमीकडे ते बघत होते. शेजारी तिची आई होती.

"डोळे पुसा," ती म्हणाली. "लोक बघतील."

"बघू देत," काका म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत.