सोंडे पडलेलं मक्याचं बी

माझं माहेर तळेगावचं. वडील रेल्वेत सांधेवाले. आमची एवढीशी खोली, पण दर दिवाळीला चुन्यानं पांढरी व्हायची. लग्न होऊन तिकोणा पेठेला, डोंगराकडच्या खेड्यात आले आणि सासरच्या चुलीपुढे बसताच पदर नाकाला लावला. चुलीच्या वर, आढ्याला, मक्याची कणसं टांगलेली होती. धुरानं काळीकुट्ट, जळमटांनी वेढलेली. भाकरी थापताना काजळी परातीत पडायची, केसांत पडायची.

"बियाची हायेत. हात लावू नगंस," सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. नवीन कणसं नुकतीच टांगली होती, तरी काजळी धरायला लागलीच होती. मी ती उतरवली. दाणे सोलले, दोन पाण्यांनी स्वच्छ धुतले, एक दिवस उन्हात टाकले आणि कोऱ्या कणगीत भरून तोंड लिंपून टाकलं. मग आढं झाडलं, भिंती सारवल्या. स्वतःवर फार खूश होते मी.

संक्रांतीला सासूबाई परतल्या. आत येऊन त्यांनी वर बघितलं.

"बी कुटं हाय?"

"कणगीत ठेवलंय, आत्याबाई. धुऊन."

"धुऊन?" त्या कणगीकडे वळल्या. "राख घातलीस? निरगुडीचा पाला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"काढ भायेर."

लिंपण फोडून मी हात घातला. आत ऊब होती, उकिरड्यात असते तशी. दाणे हलत होते. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा कळलं, हलतात ते दाणे नव्हेत. हात ओढला तर तपकिरी सोंडे किडे बांगड्यांखाली शिरलेले, चोळीच्या बाहीत चढत होते. एक मानेवर आला. कुबट, आंबूस वासाचा भपकारा नाकात गेला आणि मी किंचाळत अंगणात पळाले.

सासूबाईंनी ओरडा केला नाही. सूप पुढे केलं. "बस. पाखड." दुपारभर मी पाखडत होते. पीठ उडत होतं, किडे पायांवर चढत होते. उरलेले दाणे पाण्यात टाकले तर जवळजवळ सगळे तरंगले. पोकळ. कोंबड्यांनी आधी झडप घातली. शेवटी त्याही कंटाळून निघून गेल्या.

बी मागायचं तर शेजारी, चुलत सासूंकडे. त्यांच्या घरी मी कधी पाणी प्यायले नव्हते. त्यांच्या ओठांच्या कडेनं मिश्रीची काळी लाळ ओघळायची, आणि घर आमच्याहून काळं. सासूबाई म्हणाल्या, "तू केलंस, तूच जा."

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. धुरातलं एक कणीस काढलं, लुगड्याला पुसलं, वरचं पान ओढलं. आत दाणे पिवळेधमक. एक दाणा उपटून तिनं दाढेखाली फोडला आणि ओला, लाळेची तार लोंबत असलेला, माझ्या तळहातावर ठेवला.

"बघ, कट्कन वाजला. आत पांढरा हाय, पोकळ न्हाई. असं बी वळखायचं. कळलं का?"

"व्हय," मी म्हणाले आणि मूठ मिटली. फेकता येईना, धरवेना.

"सा कणसं ने. आन् चुलीवरच टांग, धुरानं सोंडा लागत न्हाई. लय सफाई बियाला सोसत न्हाई, पोरी."

घरामागच्या बोळात जाऊन मी ओकले. त्या लाळेचीच किळस आली होती, असं तेव्हा वाटलं. पण तोंड धुताना तिच्याकडचं न प्यायलेलं पाणी आठवलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

कणसं मी माझ्या हातानं टांगली. मृगात त्यांचे दाणे पेरले, सगळीकडे उगवले. श्रावणात घरात सगळ्यांनी कोवळी कणसं भाजून खाल्ली. मला त्या वर्षी एकही दाणा तोंडात घालवला नाही.