उजवा गाल

अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही सुरकुत्या कमी करणारी द्रव्यं बनवतो. 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातली, पण निसर्गात न सापडणारी. प्रत्येक रेणू आमच्या हातचा. ती साध्या उजेडात टिकत नाहीत, म्हणून लॅबमध्ये सगळे दिवे पिवळे. त्या उजेडात माझी उमेदीची वर्षं गेली तेव्हा कुठे माझा एक रेणू उभा राहिला. मग पवईत शिकलेली एक मुलगी आली आणि तिने बघता बघता स्वतःचा रेणू केला. वर चेहऱ्यावर एक रेघ नाही. माझ्या पोटात दुखायचं, दुसरं काही नाही.

कारखान्यात दोघींपैकी एकीचाच रेणू जाणार होता. सुरक्षेच्या चाचण्या आटोपल्यावर ऑफिसातल्या आम्ही चाळिशीपुढच्या बायका काही महिने एका गालाला एक क्रीम आणि दुसऱ्याला दुसरं लावत होतो. कुठलं कुणाचं, ते फक्त साहेबांना ठाऊक. त्या मुलीला यात घेतलं नाही. तिच्या गालावर पुसायला होतं काय?

माझा डावा गाल लाल होऊन सोलवटला. उजवा मऊ पडला, डोळ्याखालचं जाळंही विरलं. नाहूरला घरी सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या, "गो, तुझो उजवो गाल बरो दिसता. डाव्याक काय झाला?"

"डावीकडे त्या नव्या पोरीचं क्रीम असणार," मी म्हटलं. "घाई केली की असंच होतं."

मला शंकाच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला, "होतं गं पहिल्या वेळी," असा धीरही देऊन टाकला.

साहेबांनी निकाल सांगितला. उजवीकडचं क्रीम तिचं. बहुतेकींना तेच मानवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सुरकुती कशाशी खातात ते हिला माहीत नाही, आणि माझ्या सुरकुत्या हिनेच पुसाव्यात?

संध्याकाळी ती ट्यूब घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, रागावू नका हां. आता डावीकडेही हेच लावा ना. गाल वेगवेगळे दिसतात."

ट्यूब तिच्या अंगावर फेकावीशी वाटली. मी ती पर्समध्ये टाकली.

आता दोन्ही गाल सारखे झालेत. शेजारणी आल्या की सासूबाई माझी हनुवटी धरून त्यांना दाखवतात, "आमच्या सुनेन क्रीम स्वतः बनवल्यान हा." मी चहा ठेवायला आत जाते.